एक्सलचा बूट पुन्हा पुन्हा फाटतोय? आधी जुना बूट नीट पाहा

एक्सलच्या जॉइंटवरचे रबरी कव्हर, म्हणजे बूट, नवा टाकून सहा महिने होत नाहीत तोवर रिमच्या आतल्या बाजूला पुन्हा काळ्या ग्रीसचे शिंतोडे. मेकॅनिक म्हणतो माल हलका होता, दुकानदार म्हणतो बसवताना चुकलं. गाडीमालक मुकाट्याने तिसरा बूट विकत घेतो आणि फाटलेला बूट गॅरेजच्या कोपऱ्यात पडतो. चूक नेमकी इथे होते. बूट का गेला हे त्या फाटक्या रबराकडे पाहून कळते. ते न पाहता नवा चढवणे म्हणजे गळक्या छपराखाली नुसती बादली बदलत राहणे.

पुढे जे लिहिले आहे ते पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी, म्हणजे अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, आय टेन, टियागो वगैरे. ओम्नी आणि ईको मागच्या चाकांवर चालतात, त्यांच्या पुढच्या चाकांना ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा हा एक्सलच, नसतो.

प्रत्येक बाजूच्या ड्राइव्ह शाफ्टला दोन जॉइंट असतात. चाकाकडचा बाहेरचा जॉइंट, बहुधा सहा गोळ्यांचा, स्टिअरिंगबरोबर वळतो. गिअरबॉक्सकडचा आतला, बहुतेक गाड्यांत तीन रोलरचा ट्रायपॉड, खड्ड्यात चाक वरखाली झाले की आतबाहेर सरकतो. दोन्हींवर घड्यांचा रबरी बूट. बाहेरचा जास्त वेळा फाटतो, कारण फुल कट मारल्यावर त्याच्या घड्या एका बाजूला चेपतात, दुसऱ्या बाजूला ताणतात आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात हे एकदा होते.

नुसता बूट गेलाय की जॉइंटही?

मोकळ्या मैदानात गाडी पूर्ण डावीकडे कट मारून हळू, जरा रेस देत गोल फिरवा, मग उजवीकडे. वळताना लयीत कट-कट-कट ऐकू आले तर बाहेरचा जॉइंट झिजलाय. सहसा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा जॉइंट वाजतो, म्हणजे उजवीकडे वळताना डावा. पण तेवढ्यावर शाफ्ट उतरवू नका, जॅकवर घेऊन हाताने खेळ तपासा. सरळ रस्त्यावर, चढाला रेस दिल्यावर गाडी थरथरत असेल आणि पाय काढला की थांबत असेल, तर आतल्या जॉइंटकडे पाहा. त्याच वेळी इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकते ती रबरे, तीही बघा, त्याचीही लक्षणे जवळपास हीच.

आवाज नाही, फक्त ग्रीस बाहेर आलंय? मग फाटक्या जागेतून बोटभर ग्रीस काढा आणि अंगठा-तर्जनीत चोळा. जॉइंटमधले मोली (मॉलिब्डेनमचे) ग्रीस मुळातच काळे असते, रंगाला घाबरू नका. बोटांना वाळूसारखी कचकच लागली किंवा उन्हात धरल्यावर चंदेरी कण चमकले तर धातू झिजू लागलाय. राखाडी, दुधाळ झाले असेल तर पाणी शिरलंय. गुळगुळीत असेल तर धुऊन, नवे ग्रीस भरून, नुसता बूट बदलून भागते. बूट किट काही शे रुपयांत येते, जॉइंट किंवा पूर्ण शाफ्टला हजारांत मोजावे लागतात, म्हणून ही दोन मिनिटांची तपासणी टाळू नका.

जावळी-महाबळेश्वरच्या तांबड्या मातीत ग्रीसचा काळा डाग लगेच उठून दिसतो. वाळवा, पलूस, मिरजेच्या काळ्या रानातून येणाऱ्या गाडीवर चिखल कोणता आणि ग्रीस कोणते ते कळतच नाही. तिथे पुसून, बोट लावूनच बघायला हवे.

फाटलेला बूट काय सांगतो

बूट कापून काढण्याआधी फोटो घ्या. घड्यांवर खडूने गिअरबॉक्सकडची आणि चाकाकडची बाजू लिहा. मग पुसून उजेडात पाहा.

घड्यांच्या खोलगट भागात गोल रेघेसारखी चीर, आणि दाबल्यावर बाकीच्या घड्यांतही केसासारख्या भेगा: रबर म्हातारे झालंय. सात-आठ वर्षांच्या मूळ बुटाला हे शोभते. नव्या बुटाला वर्षाच्या आत असे झाले तर एक तर रबर कचरा आहे, नाही तर जॉइंट नेहमीपेक्षा जास्त कोनात चालतोय. शेतरस्त्याला खाली घासू नये म्हणून स्प्रिंगखाली स्पेसर टाकून गाडी उचलून घेण्याची पद्धत आपल्याकडे बरीच आहे. गाडी वर गेली पण गिअरबॉक्स आणि चाक यांच्या उंचीतला फरक वाढला, म्हणजे शाफ्ट कायम तिरका. सपाट रस्त्यावर सरळ चालतानाही बुटाच्या घड्या वाकलेल्याच राहतात. असा स्पेसर असेल तर बूट कितीही भारी आणा, लवकरच जाणार. आधी स्पेसर काढा.

रबर फुगलेले, मऊ, बोटाला चिकटणारे: तेल लागलंय. वर पाहा, टॅपेट कव्हर, क्रँक सील, पॉवर स्टिअरिंगचा पाइप, गिअरबॉक्सचे शाफ्ट सील यांतून कुठून तरी ठिबकत असेल. वर काहीच ओले नसेल तर गाडी धुता कुठे ते विचारात घ्या. बऱ्याच वॉशिंग सेंटरवर धुऊन झाल्यावर गंज लागू नये म्हणून खालून डिझेल किंवा जळके ऑइल फवारतात. पत्र्याला ते बरे, रबराला विष. दर महिन्याला असे करून घेणाऱ्याचे बूट, बुश, बॉल जॉइंटची रबरे सगळी एकदमच लोंबायला लागतात आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. "खालून डिझेल मारू नका" एवढे आधीच सांगावे. प्रेशरची नळीही बुटाचे तोंड आवळणाऱ्या पट्टीवर अगदी जवळून धरू देऊ नये, पाणी पट्टीखालून आत शिरते.

स्वच्छ, सुरीने कापल्यासारखी एकच चीर, बाकी रबर ठणठणीत: बाहेरचे काहीतरी लागले. नुकत्याच तोडलेल्या उसाच्या फडात किंवा कडेच्या वाटेवर गाडी घातली असेल तर तिरपे कापलेले बुडखे भाल्यासारखे वर असतात. हंगामात ट्रॉलीतून पडलेली कांडी आणि मोळीची तार रस्त्यावर असते, ती शाफ्टला गुंडाळली तर बूट कापून टाकते. माण, खटाव, जत, आटपाडीकडे बाभळीची फांदी हे नेहमीचे कारण. अशा वेळी बूट आणि बसवणारा दोघेही निर्दोष.

वेडेवाकडे, कुरतडलेले भोक, कडांना बारीक दातांच्या खुणा: उंदीर किंवा घूस. उसाशेजारच्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला हे होतेच. बॉनेट उघडून वायरिंगही तपासा, तिथेही हात मारलेला असतो.

घड्यांचे शेंडे घासून चकचकीत: बूट कशाला तरी टेकतोय. इंजिन माउंटिंग बसले की इंजिन खाली येते किंवा रेस देताना डुलते आणि आतला बूट सबफ्रेमला लागतो. माउंटिंग न बदलता बूट बदलणे फुकट.

घड्या पिळलेल्या, दोरीला पीळ द्यावा तशा: बसवताना एक टोक फिरले आणि तसेच पट्टीत आवळले गेले. घड्या आत ओढलेल्या, एका बाजूला चपट्या: आतली हवा जमवली नाही. ही दोन कारणे निव्वळ हाताची, आणि सहा महिन्यांत परत येणाऱ्या गाड्यांत नेहमी सापडणारी.

आणि कुठेच फाटलेला नसून फक्त पट्टीजवळून ग्रीस पसरलेले असेल तर बूट बदलायचे कारणच नव्हते. पट्टी ढिली होती किंवा ग्रीस कोंबून भरले होते.

किट घेताना

साताऱ्यात घ्या, मिरजेत घ्या, मॉडेलबरोबर इंजिन आणि वर्ष सांगा आणि बाहेरचा की आतला हे स्पष्ट बोला. एकाच नावाच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचे शाफ्ट वेगळे असतात. जुना बूट सोबत नेऊन तीन गोष्टी जुळवा: लहान तोंडाचा व्यास, मोठ्या तोंडाचा व्यास, घड्यांची संख्या. आतल्या ट्रायपॉडचे मोठे तोंड कधी कधी गोल नसून तीन पाकळ्यांचे असते. तिथे साधा गोल बूट आवळून बसवला की तिन्ही कोपऱ्यांतून ग्रीस गळणार.

दोन प्रकारचे माल मिळतात. एक मऊ, काळपट, निओप्रिन रबराचा. दुसरा थोडा कडक, चकचकीत, प्लास्टिकसारखा, थर्मोप्लास्टिकचा. दुसरा दीर्घकाळ टिकतो, पण त्याला आवळायला जोर लागतो. हलकी पट्टी किंवा प्लास्टिकचा केबल टाय त्यावर चालतच नाही, आतून ग्रीस सुटते. मऊ बुटावरही केबल टाय म्हणजे चार दिवसांचे काम.

किटमध्ये बूट, दोन पट्ट्या, ग्रीसचे पाकीट आणि नवे लॉक (सर्किलप) असायला हवे. शाफ्टचे टोक चाकाच्या मध्यभागी आवळणारा हब नट बहुतेक गाड्यांत एकदाच वापरायचा असतो, तो वेगळा घ्या. पाकीट नसेल तर बाहेरच्या जॉइंटला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे, म्हणजे मोली ग्रीस. छोट्या गाडीला साधारण 80 ते 100 ग्रॅम, आतल्या ट्रायपॉडला थोडे जास्त, आणि त्याचे ग्रीस कंपनीने वेगळे सांगितले असेल तर तेच. चेसिसचे पिवळे ग्रीस यात घालू नका. चिकटवून किंवा स्क्रूने जोडायचा दुभंग बूटही मिळतो, तो शाफ्ट न काढता बसतो. जोडाच्या कडेला ग्रीसचा एक थेंब लागला की चिकट धरत नाही, आणि फाटलेल्या बुटाच्या जागी ग्रीस नसेल असे होत नाही. घाटात अडकलात तर घरी पोचण्यापुरता ठीक.

शाफ्ट काढताना

चाक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. हब नटचा ठोकून बसवलेला काठ छन्नीने उचला, नाही तर आटे जातात. मग 30 किंवा 32 मिमीची गोटी (सॉकेट) आणि लांब टॉमी लावून नट फक्त सैल करा. त्यानंतरच जॅक, आणि जॅकवर विसंबून न राहता खाली घोडी (स्टँड).

गिअरबॉक्समधून शाफ्ट काढला की ऑइल सांडते. आधी काढून ठेवा किंवा खाली पातेले तरी ठेवा. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवून नकल, म्हणजे हब धरणारा भाग, बाहेर ओढा. अनेक ठिकाणी स्ट्रटचे दोन बोल्ट काढून हेच काम होते, पण त्या भोकांत खेळ असेल तर कॅम्बर (चाकाचा आतबाहेरचा कल) बदलतो आणि पुढे टायर एका बाजूने झिजतो. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे बघत राहा. शाफ्टचे दाते हबमध्ये अडकले तर नट दोन-तीन आटे उलटा चढवून त्यावर ठोका. आट्यांवर सरळ हातोडा मारला तर टोक फुलते आणि नट परत चढत नाही.

शाफ्ट धरून बाहेर हिसका देऊ नका. ट्रायपॉड आतल्या आत हाउसिंगमधून (त्याच्या बाहेरच्या वाटीतून) निसटतो, रोलर सुटतात. हाउसिंग आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पहार घालून हलका झटका द्या. बाहेर येताना दाते सीलच्या ओठावर घासू देऊ नका. सीलला खाच पडली की नव्या बुटावर गिअर ऑइल ठिबकणार आणि सहा महिन्यांनी तोच मऊ, चिकट बूट हातात येणार.

एक गोष्ट मॅन्युअलमधून पाहून घ्या. मारुती, ह्युंदाईच्या बऱ्याच मॉडेलांत बाहेरचा जॉइंट शाफ्टवरून काढायचा नसतोच. तिथे आतला ट्रायपॉड खोलायचा आणि बाहेरचा बूट शाफ्टवरून आतल्या बाजूने सरकवत न्यायचा. हे माहीत नसलेला माणूस बाहेरच्या जॉइंटवर हातोडे घालत बसतो आणि चांगला जॉइंट मारतो. ज्या गाडीत तो काढता येतो, तिथे पितळी रॉड आतल्या रेसवर (गोळ्यांच्या आतल्या कड्यावर) टेकवून ठोका. गोळ्यांच्या पिंजऱ्यावर नाही.

ट्रायपॉड काढण्याआधी शाफ्ट, ट्रायपॉड आणि हाउसिंग तिन्हींवर रंगाची एकेक खूण करा, पंच मारू नका. रोलरवर टेप गुंडाळा, नाही तर आतल्या सुया जमिनीवर. लॉक पक्कडीने सर्किलप काढा आणि कडेचा उतार कोणत्या दिशेला होता ते लक्षात ठेवा.

धुण्याला रॉकेल चालते, पण ते पूर्ण निथळून वाळू द्या. जॉइंटच्या पोटात राहिलेले रॉकेल नव्या ग्रीसला पातळ करते आणि ते गरम होऊन पट्टीखालून बाहेर येते. बाहेरचा जॉइंट वाकवून एकेक गोळी पाहा. पांढरे खड्डे, पिंजऱ्याच्या खिडकीला ठेच, निळसर भाजलेला डाग, यांपैकी काहीही दिसले तर बूट बदलण्यात पैसे घालवू नका.

हवा आणि पट्टी

शाफ्टच्या दात्यांवर टेप गुंडाळा. दाते करवतीसारखे असतात, नव्या बुटाचे लहान तोंड आतून चिरतात, वरून कळतही नाही. बूट सरकवला, टेप काढली, ट्रायपॉड खुणेवर बसवला, नवे लॉक चढवले. ग्रीस जॉइंटच्या पोटात बोटाने दाबून भरा, उरलेले बुटात. पाकिटापेक्षा जास्त नको. "थोडं जास्त बरं" म्हणून भरलेले ग्रीस गरम झाल्यावर बूट फुगवते आणि लहान तोंडातून वाट काढते.

आता शाफ्टवरची खाच शोधा. बुटाच्या लहान तोंडाच्या आतली कड त्याच खाचेत बसायला हवी. खाचेत गंज किंवा जुने ग्रीस असेल तर सँड पेपरने साफ करा, कोरड्या फडक्याने पुसा. तोंडाखाली ग्रीसचा पातळ थर राहिला तरी बूट शाफ्टवर फिरतो आणि पीळ तिथूनच सुरू होतो.

मोठे तोंड बसवून आधी मोठी पट्टी आवळा. आतल्या जॉइंटसाठी शाफ्ट गाडीत ज्या लांबीला असतो त्या मधल्या जागी धरा, पूर्ण आत दाबून किंवा पूर्ण ओढून नाही. मग लहान तोंडाखाली बोथट स्क्रू ड्रायव्हर हळूच सरकवा. फुस्स आवाज होऊन हवा आत येते किंवा बाहेर जाते आणि घड्या आपोआप सारख्या होतात. स्क्रू ड्रायव्हर काढा, घड्या डोळ्यांनी पाहा, पीळ नाही याची खात्री करा, मग लहान पट्टी. हे अर्ध्या मिनिटाचे काम गाळले जाते, आणि निर्वात ओढलेला बूट पहिल्याच लांब प्रवासात घडीवर घडी घासत सुटतो.

कानवाली पट्टी तिच्या खास पक्कडीनेच दाबा, साध्या पकडीने कान वाकडा होतो. दाबल्यावर कानाच्या दोन पायांमधली फट बऱ्याच गाड्यांत 2 ते 3 मिमीच्या आत असावी लागते. दुमडायची पट्टी असेल तर गाडी पुढे जाताना शाफ्ट फिरतो त्याच्या उलट दिशेला टोक दुमडा. जुनी पट्टी परत वापरू नका. तार तर मुळीच नको, ती रबरात रुतून गोल चीर पाडते.

हब नट चाक जमिनीवर टेकवून टॉर्क पान्यानेच आवळा. छोट्या गाड्यांत आकडा साधारण 175 ते 250 न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, नेमका तुमच्या मॉडेलचा घ्या. अंदाजाने आवळलेला नट चाकाची बेअरिंग खातो. शाफ्ट काढलेली गाडी ढकलू नका, तीही बेअरिंगचीच वाट. शेवटी नटचा काठ ठोकून लॉक करा आणि गाडी सपाट जागी ठेवून गिअर ऑइल लेव्हलच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरा.

बसवल्यावर

साताऱ्यात असाल तर यवतेश्वर घाट चढून परत या, वळणांवर दोन्ही बाजूंना कट बसतो. सांगलीला घाट नाही, मैदानात दोन्हीकडे पाच-पाच गोल फेऱ्या मारा. परत आल्यावर स्टिअरिंग पूर्ण फिरवून बूट पाहा. बाहेरून लागलेले ग्रीस आधी स्वच्छ पुसलेले असेल तरच नवी गळती कळेल. 500 किमीनंतर पुन्हा एकदा, विशेषतः पट्ट्यांजवळ.

कृष्णेच्या पुरात गाडी हबपर्यंत पाण्यात उभी राहिली असेल, तर बूट फाटका नसला तरी लहान तोंडाची पट्टी सोडून ग्रीसचा रंग बघा. दुधाळ निघाले तर लगेच धुऊन भरा, थांबलात तर गोळ्यांना गंज लागतो. गिअरबॉक्सचे ऑइलही त्याच वेळी पाहा, त्याच्या ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या भोकातून) पाणी शिरते.

एका बाजूचा मूळ बूट म्हातारा होऊन गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही तेवढ्याच वयाचा आहे. बोटांनी घड्या उघडून आत भेगा आहेत का ते बघा, असतील तर पावसाळ्याआधीच बदलून घ्या.